चांदीवरच्या अणूची जबानी

मी डिस्प्रोसियमचा एक अणू बोलतोय. नाव जिभेला जड जातं, मला ठाऊक आहे. ज्या माणसाने आमच्या कुळाला पहिल्यांदा वेगळं काढलं, तो त्या खटाटोपाने इतका वैतागला होता की त्याने ग्रीक भाषेतून 'हाती लागायला कठीण' अशा अर्थाचा शब्द हुडकला आणि आम्हाला चिकटवून दिला. तेव्हापासून आमची ओळख करून देताना माणसं आधी कपाळाला आठ्या घालतात.

आमच्या घराण्याला दुर्मिळ मृदा म्हणतात. तसे आम्ही फार दुर्मिळ नाही. पण टर्बियम, होल्मियम, एर्बियम आणि मी, आम्ही भावंडं तोंडावळ्याने इतकी सारखी की रसायनशास्त्रज्ञांच्या पिढ्या चकल्या. एकाला शुद्ध म्हणून बाहेर काढावं, त्याचं बारसं करावं आणि काही वर्षांनी त्याच्याच पोटात दुसरा लपलेला सापडावा, असं पुन्हा पुन्हा झालं. संशय हा आमच्या पाचवीलाच पुजलेला. पुढे मीही तसाच झालो. कुणी माझ्याबद्दल फार चांगलं बोलायला लागलं की मला वाटतं, याला माझ्याकडून काहीतरी हवंय.

माझं बरंचसं आयुष्य दक्षिण चीनमधल्या एका लाल मातीच्या टेकडीत गेलं. तिथून मला खारट पाण्याने धुऊन काढलं, भाजलं, वितळवलं. माझे बहुतेक सोबती विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या आणि पवनचक्क्यांच्या चुंबकांमध्ये गेले. मी मात्र बोटाच्या पेराएवढ्या एका तुकड्यात राहिलो. तो तुकडा काचेच्या नळीत बंद होऊन उत्तर जर्मनीतल्या, बाल्टिक समुद्रावरच्या एका बंदराच्या शहरात आला. तिथल्या विद्यापीठाच्या तळघरात ही सगळी हकीकत घडली.

तळघर अशासाठी की तिथे जमीन कमी हलते. तरी बोटीचा भोंगा वाजला की आम्हाला कळायचाच. तिथे एक पोलादी भांडं होतं. त्यातली हवा उपसून टाकलेली, आणि द्रवरूप हेलियमने ते इतकं गार केलेलं की हिमालयातली थंडी त्याच्यापुढे भट्टी वाटावी. आत चांदीचा एक गुळगुळीत तुकडा होता. माणसांनी आमचा धातू तापवला, तसे आम्ही मोजके अणू वाफ होऊन उडालो आणि त्या चांदीवर येऊन पडलो. जो जिथे पडला तो तिथेच थिजला. माझा शेजारी माझ्यापासून बराच लांब होता. एवढा एकटा मी आयुष्यात कधी नव्हतो.

मला डोळे नाहीत. ऐकू मात्र येतं. माझ्या डोक्यावर एक सुई लोंबकळत असायची. तिचं टोक एका अणूइतकं बारीक. ती मला कधी टेकत नसे, पण इतकी जवळ यायची की तिच्यातून माझ्यात विजेची एक अगदी क्षीण धार वाहायची. त्या धारेवरून माणसं माझं रूप पडद्यावर बघत. खोलीत कुणी बोललं, पाय आपटला, खोकलं, की सुई थरथरायची आणि ते सगळं माझ्यापर्यंत पोचायचं. म्हणून मोजमाप चालू असताना तिथे बोलायला बंदी होती. पण माणसांना बंदी किती वेळ पाळता येते?

आता माणसांना माझ्याकडून काय हवं होतं ते सांगतो. माझ्या पोटात एक चुंबक आहे. आकाराच्या मानाने तो फार जोरकस. त्याचं उत्तरेचं टोक वर राहिलं तर एक खूण, खाली राहिलं तर दुसरी. एका अणूने एक खूण जपून ठेवली, तर अख्खं ग्रंथालय नखावर मावेल, असं त्यांचं स्वप्न. अट एकच: मी टोक फिरवायचं नाही. ठेवलं तसं धरून बसायचं.

त्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते प्रोफेसर डेटलेफ हार्कसेन. निवृत्तीला टेकलेले, आवाज खर्जातला, चालताना डावा पाय किंचित ओढायचे. काही वर्षांपूर्वी त्यांनी जाहीर केलं होतं की चांदीवरचा डिस्प्रोसियमचा एकटा अणू मिनिटं मिनिटं आपली दिशा धरून बसतो. सुईतली विजेची धार मधूनच उडी मारून वर जायची, काही वेळ तिथेच राहायची, मग उडी मारून खाली यायची. ते म्हणाले, ही प्रत्येक उडी म्हणजे अणूच्या चुंबकाने घेतलेली एक कोलांटी. जगभर टाळ्या पडल्या. तळघरात नवं यंत्र आलं, नवी माणसं आली.

मी त्या चांदीवर उतरलो तेव्हा माझ्याआधीच माझी कीर्ती तिथे पोचलेली होती. आणि मला पहिल्याच दिवशी कळून चुकलं की ती खोटी आहे.

चांदी हा धातू. धातूमध्ये इलेक्ट्रॉनांचा सारखा वावर असतो. कुणी इकडून येतो, कुणी तिकडून, प्रत्येक जण जाता जाता मला धक्का देतो. गावजेवणाच्या पंगतीत मधोमध बसून कुणी ध्यान लावावं, तशी माझी गत. दिशा धरून बसायची इच्छा असली तरी कोण बसू देतंय? डोळ्याचं पातं लवायच्या आत मी किती वेळा फिरायचो, ते माझं मलाच ठाऊक नाही.

मग त्या उड्या कुणाच्या? उड्या होत्या पाहुण्याच्या. भांड्याच्या पोलादातून हायड्रोजन घामासारखा पाझरत राहतो. कितीही उपसा, थोडा उरतोच. त्यातलाच एक चिमुकला येऊन माझ्या अंगावर बसला होता. तो बसल्या जागी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे कलंडायचा. तो कलंडला की धार उडी मारायची. करणारा तो, आणि नाव माझं.

हे मी कुणाला सांगणार? आणि सांगून कुणाला ऐकायचं होतं?

त्या वर्षी माझ्यावर मोजमाप करायला इम्के लोरेन्त्सेन बसायची. तिशी नुकतीच ओलांडलेली, पश्चिमेकडच्या समुद्रातल्या एका बेटावरची. काम करताना स्वतःशी पुटपुटायची तिला सवय होती. तिची नोकरी त्या वर्षाअखेर संपणार होती आणि पुढे वाढवायची की नाही हे हार्कसेनच्या हातात होतं. तिच्या बरोबरीने हेन्नर क्लासेन काम करायचा. तो प्रोफेसरांच्या खास मर्जीतला. सुई चालवावी तर त्यानेच, इतका त्याचा हात हलका.

एके दिवशी इम्केने भांड्याभोवतालच्या वेटोळ्यात वीज सोडली आणि जबरदस्त चुंबकीय क्षेत्र उभं केलं. तिचा हिशेब सरळ होता. उड्या जर माझ्या चुंबकाच्या असतील, तर बाहेरच्या एवढ्या मोठ्या ओढीपुढे मी एका बाजूला झुकायला हवं. वरची स्थिती लांबायला हवी, खालची आखडायला हवी.

"झुक ना रे बाबा," ती पुटपुटली. "थोडा तरी झुक."

पाहुण्याला चुंबकाचं काय सोयरसुतक? तो आपला पहिल्यासारखाच कलंडत राहिला.

इम्केने ओढ वाढवली. मग ओढीची दिशा उलटवली. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी तिने हेन्नरला बोलावलं.

"सुई बिघडली असेल," तो म्हणाला. "चुंबकाचा मुलामा उडाला असेल टोकावरचा."

"तेच तर सांगतेय. मी मुलामा नसलेली सुई लावून पाहिली. साधी. तिला उत्तर-दक्षिण काही कळायलाच नको. तरी उड्या दिसतात, जशाच्या तशा."

"जशाच्या तशा?"

"पडदा तुझ्यासमोर आहे."

हेन्नर खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, "म्हाताऱ्याला आज सांगू नकोस. आज त्याचा मूड चांगला आहे."

"म्हणजे मूड वाईट असताना सांगू?"

तिने त्याच दुपारी सांगितलं. हार्कसेन पाय ओढत आले. त्यांनी ऐकून घेतलं. इतकं शांतपणे की माझ्या मनात पाल चुकचुकली. एखाद्याच्या घराचा खांब हलतोय असं सांगितल्यावर तो निदान वर तरी बघेल. यांनी विचारलं काय, तर "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"हेन्नरला."

"आणखी?"

"कुणाला नाही, प्रोफेसर."

"आणखी कुणाला, फ्राउ लोरेन्त्सेन?" फ्राउ म्हणजे बाई; अदबीने हाक मारायची ती तिथली रीत.

"कुणालाच नाही, म्हटलं ना."

"ठीक आहे. पुन्हा मोजा," असं म्हणून ते गेले. तिने काय पाहिलं, कसं पाहिलं, एक अक्षर विचारलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकहून निरोप आला. तिथे रेगुला आम्स्टाड नावाच्या बाईंचा गट अशाच कामात होता. हेन्नरने तो निरोप आमच्या खोलीतच मोठ्याने वाचला. बाईंनी अदबीने लिहिलं होतं की तुमच्या उड्या आम्हालाही दिसल्या, पण चुंबकीय क्षेत्राला त्या दाद देत नाहीत. साध्या सुईनेही दिसतात. हायड्रोजनचा विचार केला आहे का?

साधी सुई. चुंबकीय क्षेत्र. इम्केने केलेल्याच दोन्ही गोष्टी.

"इम्के, एक विचारू? रागावू नकोस."

"असं कुणी म्हटलं की मी आधीच रागावते. विचार."

"झ्युरिकला तुझी मैत्रीण आहे ना? तिथेच, त्यांच्या शेजारच्या इमारतीत?"

"आहे. आम्ही तिच्या बाळाच्या दातांबद्दल बोलतो."

"हं."

"हं म्हणजे काय?"

"हं म्हणजे हं."

"हेन्नर, सरळ बोल की. मी बातमी फोडली असं वाटतंय तुला?"

"मला काय वाटतंय याला काय किंमत आहे? पण हे त्यांना आपोआप सुचलं म्हणतेस? या आठवड्यातच?"

"सुचू शकतं. विचार करणाऱ्याला कुठेही सुचतं."

"हं," हेन्नर पुन्हा म्हणाला.

खरं सांगायचं तर मलाही तिचा संशय आला. ती सारखी माझ्या मागे लागलेली. 'तुझं बिंग फोडते बघ' असं एकदा पुटपुटलीही होती. अशी माणसं नावासाठी काहीही करतात, असं मी मनाशी म्हटलं. मी एका जागी थिजलेला, कानावर पडेल तेवढ्यावर जगणारा. अर्धवट ऐकणाऱ्याला संशयाशिवाय दुसरा उद्योग काय?

तळघरातलं वारं फिरलं. पूर्वी इम्के आणि हेन्नर हेलियम भरताना एकमेकांची टर उडवायचे. आता नळाच्या फुसफुसण्याखेरीज आवाज नसे. एकदा इम्के म्हणाली, "यंत्राचा पासवर्ड बदललायस?"

"सगळ्यांसाठीच बदललाय. प्रोफेसरांनी सांगितलं."

"सगळ्यांना नवा कळलाय. मला सोडून."

"तू आलीस की मी उघडून देतो ना. काय फरक पडतो?"

"काहीच नाही," ती म्हणाली, पण तिच्या आवाजाने सुई हलली.

तिचा वाढदिवस त्याच सुमारास आला. त्या लोकांत ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा आणि सगळ्यांनी कॉफीच्या खोलीत जमून खायचा. इम्केने तिच्या बेटावरचा केक केला होता, पापुद्र्यांच्या थरांत मलई आणि आलुबुखाराचा मुरंबा घातलेला. दुपारी ती एकटीच खाली आली. बशीत चमचा वाजला.

"कुणाला मीटिंग होती, कुणाचं पोट बिघडलं होतं," ती यंत्राला म्हणाली. "प्रोफेसरांनी एक तुकडा घेतला आणि खिडकीत ठेवून गेले. घ्या, तुम्हीच खा."

आणि मग ती रडली. मोठ्याने नाही. पण मघाशी सांगितलं ना, माझ्यापर्यंत सगळं पोचतं.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती फक्त मला माहीत होती. दुपारी सगळे जेवायला गेले की हार्कसेन एकटे खाली येत. ओढत्या पायाचा आवाज यायचा, दार लागायचं, आणि मग नुसता श्वास. ते काही मोजत नसत, कुठलं बटण दाबत नसत. उभे राहायचे आणि जायचे. माझी खात्री झाली की हा माणूस काहीतरी करणार.

एका दुपारी त्यांचा हात हेलियमच्या नळाच्या झडपेवर आला. धातूला माणसाचा हात लागला की त्याची ऊब आणि थरथर दोन्ही कळतात. ती झडप उघडी टाकली असती, तर हेलियम उडून गेलं असतं, चांदी तापली असती, मी जागचा सुटलो असतो. इम्केचा पुरावा संपला असता. म्हणायला अपघात झाला असता, आणि अपघात कुणाकडून झाला असेल याबद्दल वर कुणाला शंकाही आली नसती. तिच्यावर बोट दाखवायला सगळे तयारच होते.

हात तिथेच राहिला. बराच वेळ. मग निघाला. पाय ओढत प्रोफेसर वर गेले.

हे कुणालाच माहीत नाही. मी आज पहिल्यांदा बोलतोय.

शेवटी इम्केनेच तड लावली. एके सकाळी तिने हार्कसेनना आणि हेन्नरला खाली बोलावलं.

"मी म्हणते अणूवर हायड्रोजन बसलाय. विजेचा एक झटका दिला तर तो उडून जाईल. तो उडाला आणि तरी उड्या चालू राहिल्या, तर प्रोफेसर बरोबर, मी चूक. मी माझं सामान आवरते."

"आणि उड्या थांबल्या तर?" हेन्नरने विचारलं.

"ते प्रोफेसरांनी ठरवावं. पण यंत्राला मी हात लावणार नाही. सुई तू चालव. नाहीतर उद्या म्हणाल, हिनेच काहीतरी केलं."

"असं कोण म्हणतंय?"

"हेन्नर, बस तिथे."

तो बसला. हार्कसेन म्हणाले, "करा." एवढंच.

हेन्नरने सुई माझ्या डोक्यावर आणली. हात खरंच हलका होता त्याचा. उड्या चालूच होत्या, वर, खाली, वर. मग त्याने विजेचा दाब वाढवत नेला. मला एकदम चटका बसला, आणि इतके दिवस अंगाला चिकटलेलं ओझं गेलं. पाहुणा गेला. काय वाटलं ते कसं सांगू? हलकं वाटलं, आणि भर चौकात कुणी अंगरखा काढून घ्यावा तसंही वाटलं.

धार सरळ वाहू लागली. एक रेघ, तीही सपाट.

"सुई अणूवरच आहे ना?" हार्कसेननी विचारलं.

हेन्नरने सुई बाजूला नेली, परत आणली. "अणूवरच आहे."

"थांबू या थोडं."

ते थांबले. थर्मासमधून कॉफी ओतल्याचा आवाज आला. रेघ सपाट. वर कुठेतरी दार आपटलं तेव्हा ती जराशी शहारली, पुन्हा सपाट. मला आतून ओरडावंसं वाटत होतं, की मी फिरतोय, सारखा फिरतोय, पण तुमच्या सुईला दिसणार नाही इतक्या झपाट्याने फिरतोय. मिनिटं मिनिटं धरून बसणारा तो मी नव्हेच!

"आता हायड्रोजन सोड," इम्के म्हणाली. "एक घोट. जास्त नको."

हेन्नरने सोडला. पुन्हा वाट पाहणं. आणि मग कुठूनसा एक नवा पाहुणा आला, न विचारता बसला आणि कलंडला.

रेघेने उडी मारली.

"पुन्हा करतो," हेन्नर म्हणाला. त्याने पुन्हा झटका दिला. पुन्हा सपाट. पुन्हा हायड्रोजन, पुन्हा उडी. खुर्ची करकरली.

"तुझंच खरं निघालं," तो म्हणाला. "मान्य. पण इम्के, बाहेर का सांगितलंस? आपण घरातच मिटवलं असतं ना."

"मी नाही सांगितलं. किती वेळा सांगू?"

"मग कुणी?"

"मी," हार्कसेन म्हणाले.

सुई थरथरली. कुणाच्या हालचालीने, कळलं नाही.

"वसंतात परिषद होती. तिथे तळ्याकाठी फिरताना मीच फ्राउ आम्स्टाडना म्हटलं की हे एकदा तपासून बघा, क्षेत्र लावून बघा, साधी सुई लावून बघा. आणि मी सांगितलंय असं बोलू नका. मला दोन वर्षांपासून झोप नाही. आपल्या आकड्यांकडे बघितलं की वाटायचं, हे फार नीटनेटकं आहे. पण इथे कुणाला कसं सांगू, की माझ्यावर विश्वास ठेवू नका? या खोलीतली प्रत्येक खुर्ची त्या निष्कर्षावर आलेली आहे."

"दोन वर्षं," हेन्नर म्हणाला. "आणि मी त्याच्यावर प्रबंध लिहिला."

"हो."

"पण मग इम्केवर..." हेन्नरला वाक्य पुरं करता आलं नाही. ते पुरं केलं इम्केने.

"माझ्यावर सगळ्यांनी संशय घेतला, आणि तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं."

"पासवर्ड बदलला तेव्हाही."

"हो. वाटायचं, उद्या सांगू. आज नको, उद्या."

"केक खिडकीत ठेवलात तेव्हाही."

आणि मी, ज्याला वाटत होतं की या माणसांना मी पुरता ओळखून आहे, तो दोन्हीकडून चुकलो होतो. जिचा संशय घेतला ती साफ होती. आणि ज्याचा घेतला, त्याचा संशय स्वतःवरच होता.

"मला काय करायला सांगाल ते करतो, इम्के," हार्कसेन म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी तिला फ्राउ लोरेन्त्सेन म्हटलं नाही. "नोकरी वाढवून देतो. शिफारस लिहितो."

"शिफारस नको. कॉफीच्या खोलीत सगळ्यांना बोलवा आणि आत्ता जे बोललात ते तिथे बोला. मी समोर बसणार. आणि तुम्ही बोलताना माझ्याकडे बघायचं."

ते त्यांनी केलं. मी तिथे नव्हतो. हेन्नरकडून कळलं, तो दुसऱ्या दिवशी तिला सांगत होता, जणू ती तिथे नव्हतीच. "म्हातारा उभा राहून बोलला. कागद नाही, काही नाही. कँटीनच्या स्वयंपाकघरातल्या बायकासुद्धा येऊन उभ्या राहिल्या." प्रोफेसरांनी आपला निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतला. काही जणांनी फोन करून त्यांचं कौतुक केलं, काहींनी फोन करायचंच सोडलं.

हेन्नरने तिच्यासाठी बंदरावरून कोळंबीचा पाव आणला होता. कागद उलगडल्याचा आवाज आला.

"पाव उचलून काय बघतेस?" त्याने विचारलं.

"खाली काय घातलंयस ते बघतेय."

"कोळंबी आहे गं!"

"हं," इम्के म्हणाली. आणि दोघंही हसली, पण हेन्नर आधी थांबला. "चुकलो मी. तुला नुसतं विचारायचं होतं आणि तू सांगितलंस ते ऐकायचं होतं. तेवढंही केलं नाही."

"नाही केलंस."

"राहशील ना आता? म्हातारा नोकरी वाढवतोय."

"झ्युरिकहून बोलावणं आलंय. जाणार आहे."

"तिथे?" हेन्नर उसळला. "अगं, लोक म्हणतील, 'बघा, आधीपासूनच त्यांना मिळालेली होती!'"

"म्हणू देत. इथे राहिले तर दारामागे दोघं हळू बोलताना दिसले की मला वाटणार, माझ्याबद्दल बोलताहेत. तुम्ही सगळे कितीही चांगले वागलात तरी वाटणार. ते आता जायचं नाही माझ्यातून. कालच तू पाणी प्यायला उठलास तर मी पडदा झाकला. काय होतं पडद्यावर? काही नाही."

हेन्नर खुर्ची मागे सारून उठला. त्याने पाव खायला तिला एकटं सोडलं.

जायच्या आधी इम्के एकदा माझ्याकडे आली. मोजायचं असं काही राहिलं नव्हतं, तरी बसली. तिने पाहुण्याला उडवलं, मला मोकळं केलं आणि विजेचे अगदी आखूड, झपझप ठोके देत राहिली. मी खरोखर किती वेळ दिशा धरतो, ते तिला बघायचं होतं. ठोके आखूड होत गेले. शेवटी यंत्राची ताकद संपली. त्याहून आखूड ठोका त्याला देता येईना, आणि मी प्रत्येक ठोक्याच्या आत फिरून गेलेलो असायचो.

"याच्याहूनही कमी," ती म्हणाली. "किती कमी ते कळत नाही. एवढंच लिहिते."

माझ्याबद्दल आजवर पुष्कळ लिहिलं गेलं. त्यात एवढं छोटं आणि एवढं खरं दुसरं नाही. मी ऐकून होतो की माझ्या जातीचे अणू धातूवर न बसता मिठासारख्या एखाद्या पातळ थरावर बसले, की धक्के कमी लागतात आणि मग दिशा धरून बसणंही जमतं. असेल. मला बसवलं चांदीवर. चांदीवर जे जमतं ते मी केलं आणि जे जमत नाही त्याच्यासाठी मिरवला गेलो.

इम्के गेली. हार्कसेन आता दुपारचे येत नाहीत. हेन्नरने यंत्र उघडून साफ करायचं ठरवलंय, म्हणून हेलियम भरणं थांबलं आहे. थंडी उतरू लागली आहे. चांदीवर थिजलेले माझे सोबती जागचे सुटून सरकायला लागले आहेत. थोड्या वेळाने आम्ही एकमेकांना भिडू, आमची एक गाठ होईल, आणि त्या गाठीत मी कोणता हे कुणालाच सांगता येणार नाही. मग चांदी घासून पुसून लख्ख करतील.

तेवढ्यात एक मागणं मागून घेतो. माझ्या जातीवर संशय घ्यायला माझी मुळीच हरकत नाही. पण इम्केने घेतला तसा घ्या. समोर बसून, विचारून, उत्तर येईपर्यंत वाट बघून. पाठीमागे 'हं' म्हणून नव्हे. अणूच्या बाबतीत हे जमलं, तर कधीतरी माणसाच्या बाबतीतही जमेल, असं मला वाटायला लागलंय. पुरती खात्री नाही.

चांदीवरची पकड सुटतेय. येतो मी.